काळ्या मातीचं माहेर

पहाटे ४.३०

गजर वाजायच्या आधीच थंडीनं जाग येते. पुणे जिल्ह्यातल्या तैलबैला गावी एका मावशींच्या पडवीत आमचा मुक्काम आहे. जानेवारीचा पहिला पंधरवडा. अंगणातली चूल पेटलीय, धुरात गवती चहाचा वास मिसळलाय. गावामागच्या आभाळात एक पट्टा असा आहे, जिथं एकही तारा नाही. तीच कड्याची भिंत. उजाडल्यावर दिसतं, की भिंती दोन आहेत. शेजारी शेजारी उभ्या, मध्ये खिंड, आणि दोन्ही दोनशे फुटांहून उंच, तासल्यासारख्या सरळ.

मी मूळची जामची. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गाला चंद्रपूरचा रस्ता जिथं फुटतो, ते वर्धा जिल्ह्यातलं जाम. जामच्या चौकात चहा प्यायलेली माणसं मला महाराष्ट्रभर भेटतात, पण डोंगर बघायला जामला कुणी येत नाही. नजर जाईल तिथवर काळं वावर. कपाशी, तूर, सोयाबीन. मला लहानपणी चढायला मिळालं ते बांधावरचं निंबाचं झाड. तिथून निघून मी गिर्यारोहण शिकले आणि आता बारा वर्षं झाली, दर हिवाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांवर नवख्यांना प्रस्तरारोहण शिकवते.

आजची तुकडी घरचीच आहे. जाम, समुद्रपूर, हिंगणघाट भागातली कॉलेजची चौदा मुलंमुली. वर्ध्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुण्याला आली, तिथून लोणावळामार्गे इथं. सगळ्यांच्या घरी कपाशीची शेवटची वेचणी चाललीय. काहींनी ती अर्धवट टाकून यायला आईवडलांना कसं राजी केलं, ते रात्री चुलीपुढं ऐकलं.

डोक्याला दिवा लावून मी आणि माझा जोडीदार सामान तपासायला बसतो. दोर हातातून सरकवत, वीतवीत चाचपत तपासायचा. कुठं मऊ पडलाय का, वरचं कवच फुगलंय का, आतला गाभा बोटाला लागतोय का. मग हार्नेसची शिवण, कॅराबिनरचं फाटक, टेप स्लिंगच्या कडा, हेल्मेटचे पट्टे. एक निळी स्लिंग उन्हानं पांढुरकी पडलीय. ती बाजूला काढून कापून टाकते, म्हणजे चुकून पुन्हा सामानात यायची नाही.

५.३०

चहा झाल्यावर पहिलं काम सांगते, आणि मुलं एकमेकांकडं बघतात. बूट काढा.

अंगणात जुनी वर्तमानपत्रं पसरलीत. प्रत्येकाच्या हातात एक जुना दात घासायचा ब्रश. तळव्याच्या खाचांत अडकलेली माती कोरून काढायची, मोज्यांत आणि सॅकच्या पट्ट्यांत रुतलेली कुसळं वेचायची. वर्तमानपत्रावर बारीक काळे खडे पडायला लागतात. वाळलेली, दगडासारखी कडक झालेली चिकण माती. समुद्रपूरची एक मुलगी बोटानं ते खडे उलटेपालटे करते.

"ताई, आपण तं वावरच घेऊन आलो!"

वावराबरोबर वावरातलं तणही आलंय. खड्यांमध्ये गाजर गवताचं बी आहे, मोहरीहून बारीक आणि काळं. हे तण या मुलांच्या अंगाला खाज आणतं, ढोरंही त्याला तोंड लावत नाहीत. आपल्या देशात त्याचा फैलाव प्रथम लक्षात आला तो याच पुणे जिल्ह्यात, १९५५च्या सुमारास, आणि आज ते जामच्या प्रत्येक बांधावर आहे. माणसं, गाड्या, धान्याची पोती, बूट यांच्याबरोबर ते देशभर फिरलं. कड्याच्या कपारीत मात्र ते अजून फारसं पोचलेलं नाही. तिथलं गवत, तिथली नेची, पावसाळ्यात उगवणारी कंदीलपुष्पासारखी दुर्मीळ रोपं मूठभर मातीवर जगतात. एवढ्याशा जागेत एक आगंतुक तण शिरलं तरी त्यांना पाय ठेवायला जागा राहत नाही.

वर्तमानपत्रं गुंडाळून चुलीत घालतो. बी तडतडतं.

६.१५

गावातल्या शौचालयातच सगळं उरकून निघायचं, हा दुसरा नियम. वर खिंडीत पाणी आहे, आणि ते गावाचं आहे.

पायवाट वाळलेल्या कारवीतून चढते. वळणावळणावर आडव्या तिडव्या उतरलेल्या पाऊलखुणा दिसतात, कुणी कुणी चार पावलं वाचवायला सरळ घसरत आलेलं असतं. पावसाळ्यात पाणी तीच घसरण पकडतं, पुढच्या वर्षी तिथं ओघळ होतो, त्याच्या पुढच्या वर्षी कारवीची मुळं उघडी पडतात. म्हणून आम्ही एका मागं एक, मळलेल्या वाटेनंच चालतो. वेळ लागतो, लागू दे.

हिंगणघाटचा एक मुलगा वाकून काहीतरी उचलतो. पांढरा, चकाकणारा खडा. "गिरडचा गोटा!" दोघंतिघं एकदम म्हणतात.

गिरड आमच्याच समुद्रपूर तालुक्यातलं. टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा, आणि त्या टेकडीवर सापडणारे सुपारीसारखे, जायफळासारखे गोल दगड. व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांचा सगळा माल दगड झाला, ही कथा आम्ही सगळ्यांनी आजीकडून ऐकलेली आहे. भूगर्भशास्त्र सांगतं, की लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढं त्या पोकळ्यांत खनिजयुक्त पाणी झिरपलं आणि झिओलाइटची खनिजं तयार झाली. बेसॉल्टच्या पोटातले हे स्फटिक महाराष्ट्रातून जगभरच्या संग्रहालयांत गेलेले आहेत. माझ्याही फ्रॉकच्या खिशातून लहानपणी गिरडचे सात-आठ गोटे घरी आले होते. दोन महिन्यांत ते कुठं गेले, कुणालाच आठवत नाही. टेकडीवरून मात्र ते कायमचे कमी झाले.

एवढं सांगते आणि पुढं चालू लागते. थोड्या वेळानं मागं वळून बघते, तर तो मुलगा खडा होता तिथं ठेवून धावत रांगेत येतोय.

७.१५

खिंडीत भैरवनाथाचं ठाणं आहे. जवळच कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं. हात जोडून झाल्यावर बाटल्या भरायच्या, त्याही बाहेर उभं राहून. टाक्यात हात बुडवायचा नाही, कडेला तोंड धुवायचं नाही.

आता पाऊण तास कुणीही कड्याला हात लावणार नाही. फक्त बघायचं. दुर्बिणी दोन आहेत, त्या आळीपाळीनं फिरतात. माझ्या दिवसातला हा सगळ्यात मोलाचा वेळ आहे, आणि नवख्यांना सगळ्यात कंटाळवाणा वाटणारा.

"काय दिसतंय?"

"दगडच हाय ना ताई."

"अजून बघ."

हळूहळू दिसायला लागतं. एका फुगवट्याखाली चुन्याचे ओघळ आल्यासारखे पांढरे पट्टे. ती शीट आहे. म्हणजे वर कुणीतरी रोज बसतं, कदाचित ससाणा. त्याची अंडी घालायची वेळ हिवाळ्याच्या या दिवसांपासूनच सुरू होते. अशा कड्यांवर कधीकाळी लांब चोचीची गिधाडं घरटी करायची. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या ढोरांतून त्यांच्या पोटात गेलं, आणि १९९२ ते २००७ या काळात त्यांची संख्या सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. २००६ साली ते औषध जनावरांसाठी वापरायला बंदी आली. पण हे गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. घरट्याजवळ दोर सोडून आपण त्याला एकदा उठवलं, की त्या जोडीचं वर्ष वाया जाऊ शकतं. म्हणून घरटं दिसलं की तो कडा पिल्लू उडेपर्यंत विसरायचा.

मग समुद्रपूरचीच मुलगी म्हणते, "तो काळा डाग हलला."

दुर्बीण घेते. आग्यामोहोळ. बाहेर झुकलेल्या कातळाच्या, ओव्हरहँगच्या, छताला लटकलेलं, अर्ध्या चंद्रासारखं, हात पसरल्याएवढं. आग्या मधमाशी पोकळीत घर करत नाही. तिचं पोळं एकच असतं, उघडं, आणि त्यावर माश्यांचीच पांघरूण घातल्यासारखी चादर असते. त्या चादरीवरून एक लाट सरसरत खाली जाते. कुणी शत्रू जवळ आला की माश्या एकापाठोपाठ एक पोटं उचलतात, त्याची ती लाट. एक मोहोळ दिसलं म्हणून आणखी शोधतो. दोन सापडतात. एकूण तीन.

आज जो मार्ग शिकवायचा ठरवला होता, तो मधल्या मोहोळाच्या हाकेच्या अंतरावरून जातो. जोडीदार माझ्याकडं बघतो, मी मान हलवते. मार्ग रद्द.

मुलांचे चेहरे उतरतात. त्यांना सरळ सांगते. जमिनीवर माशी मागं लागली तर माणूस पळू शकतो, दोरावर लटकलेला माणूस पळू शकत नाही. सह्याद्रीत आग्यामाश्यांनी माणसं मारलेली आहेत. आणि चूक बहुतेक वेळा माणसाचीच होती. कुणी धूर केला, कुणी सेंट मारून आलं, कुणी मोठ्यानं आरोळी ठोकली, कुणी ड्रोन उडवला. या माश्या ऋतूनुसार लांबचं स्थलांतर करून ठरलेल्या कड्यांवर येतात. तुमच्या तुरीच्या फुलावर बसणारी माशी अशाच एखाद्या पोळ्यातली असू शकते. मोहोळ जाळून मार्ग मोकळा करणारेही लोक आहेत. तसल्या मार्गावर मी कुणालाही नेणार नाही.

दुसऱ्या भिंतीच्या टोकाला, मोहोळांपासून दूर, एक आखूड मार्ग आहे. तिकडं निघतो.

८.३०

गाठी. आठाची गाठ आधी बोटांना, मग डोळ्यांना, मग डोळे मिटून. मुलींना पटकन जमते. बैलाचं दावं बांधणाऱ्या एका मुलालाही. बिले कसा द्यायचा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून कसा सांभाळायचा, ढिला दोर कधी घ्यायचा, ब्रेकचा हात कधीही का सोडायचा नाही. प्रत्येकानं चढण्याआधी जोडीदाराची गाठ आणि बक्कल हात लावून तपासायचं.

वरून काही निसटलं की "दगऽड!" एवढंच ओरडायचं, आणि खालच्यानं वर न बघता भिंतीला चिकटायचं. बाकी सगळं बोलणं हळू आवाजात.

९.४५

मी लीडला, म्हणजे सगळ्यांच्या पुढं दोर घेऊन, निघते. सह्याद्रीचा बेसॉल्ट फसवा असतो. लांबून अखंड वाटतो, हात लावला की एखादी पकड खणकन वाजते, एखादी पोकळ बदबदते. पोकळ वाजली ती सोडायची. पकडीवर भार द्यायच्या आधी तळहातानं थापटून बघायचं, मडकं घेताना बघतो तसं. लिंगाणा, वानरलिंगी, ड्यूक्स नोज, कोकणकडा, सगळीकडं हाच कातळ. त्याच्यावर हात बसलेली माणसं पुढं हिमालयात गेली. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेनं २०१२ साली एव्हरेस्टवर मोहीम नेली, तिची बाराखडी या ठिसूळ कड्यांवरच गिरवलेली होती.

पहिल्या भेगेत नट बसवते. पाचरीसारखा धातूचा तुकडा, खाली ओढला की घट्ट, वर ढकलला की मोकळा. दुसऱ्या भेगेत फ्रेंड. त्याचा चाप दाबला की पाकळ्या मिटतात, सोडला की भेगेत फुलून बसतात. दोन्ही काढल्यावर मागं काही उरत नाही. पूर्वी इथं हातोड्यानं मेखा ठोकायचे. प्रत्येक ठोक्याबरोबर भेग थोडी फाकते, मेख काढताना थोडी आणखी. हे अमेरिकेत योसेमितीच्या ग्रॅनाइटवर फार लवकर दिसून आलं. तिथं मेखा बनवून विकणाऱ्या इव्हॉन शुईनार्ड यांनी १९७२ सालच्या आपल्या कॅटलॉगमध्येच गिऱ्हाइकांना सांगितलं, की मेखा कड्यांची नासाडी करताहेत, हातानं बसणारी आणि हातानं निघणारी साधनं वापरा. मेखा हा त्यांच्या धंद्याचा मोठा हिस्सा होता.

सह्याद्रीत सगळीकडं भेगा मिळत नाहीत, म्हणून बोल्ट लागतात. पण जुना बोल्ट चांगला असेल तर शेजारी नवं भोक पाडायचं नाही, गंजलेला असेल तर तो काढून शक्यतो त्याच जागी नवा बसवायचा. आणि लेणी, कोरीव पायऱ्या, किल्ल्याचं बांधकाम असेल तिथं ड्रिल पोतडीतून बाहेरच काढायचं नाही.

११.१५

दुसऱ्या टप्प्यावर एक ओटा आहे. दोन माणसं बसतील एवढा, दमलेल्या पायांना बोलावणारा. मी त्याच्यावर चढत नाही. तीन हात खाली दोन बोल्ट आहेत. तिथं अँकर करते, हार्नेसमध्ये लटकून बसते आणि समुद्रपूरच्या मुलीला वर घेते.

ती धापा टाकत पोचते. गालावर धूळ, डोळे मोठे. "ताई, वरती बसायला जागा हाय ना!"

"आहे. आधी नीट बघ."

ओटा आता आमच्या डोळ्यांच्या रेषेत आहे. वीतभर अंतरावरून तो मोठ्या गावासारखा दिसतो. कातळावर राखाडी-हिरवे गोल चट्टे, कडा किंचित उचललेल्या.

"हे तं मसाल्यातलं दगडफूल!"

त्याचीच भावंडं. दगडफूल म्हणजे एक बुरशी आणि एक शैवाल यांचा संसार. शैवाल उन्हावर अन्न शिजवतं, बुरशी घर देते, ओल धरते, आणि तिच्यातून पाझरणारी आम्लं कातळाला कणाकणानं सैल करतात. हे चट्टे वर्षाला जेमतेम मिलिमीटरच्या हिशेबानं वाढतात. तळहाताएवढा चट्टा म्हणजे कित्येक दशकं. त्याच्या कडेला वाळून तपकिरी झालेलं शेवाळ आहे, पहिल्या पावसात एका रात्रीत हिरवं होणारं. शेवाळाच्या मुळाशी धूळ अडकलीय, धुळीत गवताचा एक झुबका. आणि झुबक्याखाली, दगडाच्या खळग्यात, चिमूटभर माती. काळसर.

तिला विचारते, "आपल्या जामची माती काळी का?"

ती शाळेतलं उत्तर देते. रेगूर, कापसाला चांगली, ओल धरते, उन्हाळ्यात भेगाळते.

"पण आली कुठून?"

ती गप्प.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटली आणि लाव्हा वाहत राहिला. थरावर थर. तो थिजून झालेला कातळ आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. पश्चिमेला तो इथं सह्याद्री म्हणून उभा आहे, पूर्वेला वर्धा-नागपूरकडं सपाट होत पातळ होतो. गिरडची टेकडी त्याचीच, आपल्या विहिरीला लागणारा काळा पाषाण त्याचाच. त्या कातळावर असंच दगडफूल बसलं, शेवाळ आलं, ऊन-पावसानं तो फुटला, कुजला, आणि त्याचं पीठ झालं. इथं चार-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, उतार उभा आहे, म्हणून माती ठरत नाही. आपल्याकडं पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास आणि रान सपाट. माती राहिली, साठली, काळीभोर झाली. सकाळी तुझ्या बुटातून जी निघाली, ती असाच एखादा कातळ कुजून झालेली.

मुलगी बराच वेळ त्या चिमटीकडं बघत राहते. एक बारीक कोळी गवतातून निघून दगडफुलावरून चालत जातो.

"म्हंजे हे वावराचं पयलं वर्स," ती म्हणते.

"पहिलं म्हण, शंभरावं म्हण. तुझा बूट इथं एकदा घासला, की पुन्हा पहिलं."

ती पाय सावरते, ओट्याला वळसा घालून उजवीकडच्या उघड्या कातळावर बूट टेकवते. तिथं पकडी बारीक आहेत, चढायला अवघड. चढते.

दुपारी १.००

जेवण खिंडीत सावलीला. मावशींनी तांदळाची भाकरी, सुकट, आणि सुकट नको म्हणणाऱ्यांसाठी वालाची उसळ दिलीय. मुलांच्या डब्यांतून जवसाची चटणी, ठेचा आणि चिवडा निघतो. मग पिशवीभर संत्री.

साली माझ्याकडं गोळा होतात. "ताई, साल तं कुजतेच ना?" कुजते, पण कोरड्या कातळावर तिला महिने लागतात, आणि तोवर माकडं सालीच्या वासानं माणसांच्या पिशव्या ओढायला शिकतात. एकदा शिकलेलं माकड विसरत नाही. साली, कागद, गोळीचं वेष्टन, सगळं एका पिशवीत, पिशवी माझ्या सॅकला. आधीच्या कुणाच्या तरी वेफर्सच्या पुड्या आणि पाण्याच्या चार बाटल्याही त्यात जातात.

२.३०

उतारावर कड्यातून सुटून आलेले मोठे धोंडे आहेत. इथं बोल्डरिंग. दोर नाही, हार्नेस नाही. खाली जाड गादी, दोन जण हात पसरून उभे, आणि धोंडा दहा-बारा फुटांहून उंच नसलेला. चार-पाच हालचालींचं कोडं. ताकदीपेक्षा इथं तोल लागतो, पाय कुठं ठेवायचा याची अक्कल लागते. जामच्या मुलांना हे फार आवडतं. पडतात, हसतात, पुन्हा लागतात.

गादी कुठं टाकायची ते आधी ठरवतो. झुडपावर नाही, घळीतल्या ओलीवर नाही. धोंड्याखाली हात घालायचा नाही, दगड उलटायचा नाही. तिथं फुरसं असू शकतं, विंचू असू शकतो, आणि पाली तर असतातच. सह्याद्रीच्या कातळांवरून गेल्या दोन दशकांत पालींच्या कितीतरी नव्या प्रजाती शास्त्रज्ञांनी नोंदवल्या. काहींचं माहीत असलेलं जग एखाद-दुसऱ्या डोंगरापुरतंच आहे.

घामेजल्या बोटांना चॉक लागतो. मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड. आम्ही एका छोट्या थैलीतून सगळ्यांना मोजून देतो. २०२० साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी चढाईच्या धोंड्यांवर तपासलं, तेव्हा डोळ्यांना दिसत नाही अशा जागीही चॉकचा अंश सापडला, आणि प्रयोगात नेची व शेवाळांच्या उगवण्यावर, जगण्यावर त्याचा वाईट परिणाम दिसला. म्हणून काम झालं की पकडी मऊ ब्रशनं पुसायच्या, खडूच्या खुणा करायच्या नाहीत. तारेचा ब्रश तर हातात घ्यायचाच नाही.

तारेच्या ब्रशचं मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. शिकत असताना एका धोंड्याची उत्तरेकडची बाजू मला फार आवडली होती. ती शेवाळानं, दगडफुलांनी मढलेली होती. दोन दिवस खपून मी ती लखलखीत केली, चढले, फोटो काढले. परत गेले नाही. सात वर्षांनी त्या वाटेनं जाणं झालं. धोंडा लांबूनच ओळखू आला, कारण त्याच्या अंगावर माझ्या उंचीचा टक्कल पडलेला चौकोन तसाच होता. शेजारून शेवाळ आत यायला लागलं होतं, बोटभर. त्या दिवशी मी हिशेब मांडला, आणि माझं आयुष्य त्या चौकोनाला पुरणार नाही असा तो निघाला.

मुलं गप्प ऐकतात. मग एक जण गादी उचलून शेवाळाच्या धोंड्यापासून लांबच्या, घासून गुळगुळीत झालेल्या जुन्या धोंड्याकडं नेतो. तिथं चढाईचे डावही जास्त आहेत.

४.३०

सामान उतरवणं. जोडीदार वरून भेगांत बसवलेलं एकेक साधन काढत, दोरावरून उतरत खाली येतो. वाटेत कुणी सोडलेल्या, उन्हानं कुजलेल्या दोन जुन्या स्लिंग कापून आणतो. मोजदाद: नट अकरा गेले, अकरा आले. फ्रेंड सहा, सहा. कॅराबिनर बावीस, एकवीस. बाविसावं एका मुलाच्या खिशात सापडतं.

खिंड सोडायच्या आधी पुन्हा बूट. इथली माती इथंच झाडायची. सकाळी कंटाळलेली मुलं आता न सांगता बसतात. समुद्रपूरची मुलगी नखातली मातीसुद्धा काडीनं काढून गवताच्या मुळाशी टाकते.

६.३०

गावात. मावशींच्या ओसरीवर गावातले एक मामा येऊन बसलेत. उद्या कुठं जायचं ते त्यांना विचारूनच ठरतं. राज्य सरकारनं २०२१च्या ऑगस्टमध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात सुरक्षिततेबरोबर पर्यावरणाचंही भान ठेवायला सांगितलं आहे. पण कुठल्या कपारीत यंदा मोहोळ बसलं, कुठला झरा डिसेंबरातच आटला, हे मामांना माहीत असतं. तीन मोहोळं म्हटल्यावर ते मान हलवतात. "यंदा उशिरा आली. मागल्या साली दिवाळीलाच होती." मुक्कामाचे, जेवणाचे, सोबत येणाऱ्या माणसाचे पैसे गावातच द्यायचे, ही माझी पद्धत आहे. कड्यामुळं गावात चूल पेटत असेल, तर कड्याला जपणारे हात आपोआप वाढतात.

रात्री ९.००

मुलं झोपलीत. जामहून बाबांचा फोन.

"पोरं बरी हायेत ना?"

"बरी आहेत. ठरलेल्या मार्गानं नाही चढवलं. मोहोळ होतं."

"बरं केलं. दुसऱ्याच्या घरात कायले जा लागते." मग कापसाचा भाव, आईचा गुडघा, फोन ठेवला.

दिव्याच्या उजेडात वही उघडते. पुढच्या तुकडीसाठी, पुढं येणाऱ्या दुसऱ्या चढाईवाल्यांसाठी दर रात्री चार ओळी लिहायच्या, आणि वही मावशींकडंच ठेवायची. आज लिहिते:

मोठ्या मार्गाजवळ आग्यामोहोळ तीन. मेअखेरपर्यंत टाळावा. फुगवट्याखाली शीट, बहुधा ससाणा, लक्ष ठेवावं. टोकाचा आखूड मार्ग चांगला, जुने बोल्ट पक्के, नवा लागत नाही. दुसऱ्या टप्प्यावर ओटा आहे. त्यावर बसू नये, तीन हात खाली थांबावं.

कारण काय लिहावं, म्हणून पेन थोडा थांबतो. मग लिहिते: माती धरतेय.